बारा वाजून पाच मिनिटांचं ऊन

सुंदररावांना बसलेलं पाहिलंय अशी माणसं चेन्नईत फार नसतील. मी त्यातली एक, आणि तेही एकदाच. तीन वर्षं आम्ही एका ऑफिसात काम केलं, पण हा माणूस खुर्चीला टेकलाय असं कधी झालं नाही. खुर्ची होती हो त्यांना! तिच्यावर वायरची वेटोळी, नटबोल्टचे डबे आणि एक काळी छत्री बसायची. राव जेवायचे उभ्यानं, कॉफी उभ्यानं, साहेबांच्या मीटिंगला दारातल्या दारात येरझाऱ्या. बघणाऱ्याला घेरी यायची. मी साताऱ्याची, तोंडाची फटकळ. चौथ्याच दिवशी म्हटलं, "अहो राव, टेका की जरा! तुमच्याकडे बघून माझे पाय दुखायला लागले."

ते थांबलेसुद्धा नाहीत. जाता जाता म्हणाले, "बसून काय होतं, सातारबाई? वरचा बसलाय कां?"

वरचा म्हणजे देव नव्हे. वरचा म्हणजे उपग्रह.

घराघरांवर टीव्हीच्या ताटल्या उगवायला लागल्या होत्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. नवऱ्याला ओरगडमच्या मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी चेन्नईत आले आणि घरात बसून वेड लागायची पाळी आली तेव्हा गिंडीला एका कंपनीत चिकटले. वर्गणी भरा, छतावर ताटली लावा, टीव्हीशेजारी डबा ठेवा आणि थेट उपग्रहावरून चित्र बघा, असला त्या कंपनीचा धंदा. सगळ्या राज्यांचे तक्रारीचे फोन गिंडीलाच यायचे. आम्ही चौघीजणी मराठी डेस्कवर. म्हणजे ताटली सांगलीला हलायची आणि शिव्या मी चेन्नईत खायची.

आम्हाला शिकवायला सुंदरराव. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आता कंपनीच्या ताटल्या बसवणाऱ्यांचे मुख्य. ते तंजावरकडचे मराठी. पूर्वज कधीतरी तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर खाली आले ते तिकडचेच झाले. घरात मात्र मराठीच. ती मराठी अशी की पहिल्या दिवशी मला निम्मं कळलं नाही. झालंला "जालं" म्हणायचे, विचारलंला "पुसलं" आणि सगळ्यावर तमिळ हेल. त्यांनी मला पुसलं, "तुमच्या घरातून किल्ला दिसतो कां?" मी म्हटलं, "दिसतो की, मोरीतून सुद्धा दिसतो." तर त्यांनी चक्क मला हात जोडले. मी खुदकन हसले, आणि मग मलाच कसंतरी झालं. त्यांनी महाराष्ट्र पाहिला नव्हता. "उत्तरेला कुठवर गेलायत?" म्हटलं तर म्हणाले, "एन्नोर." म्हणजे इथून लोकल गाडीनं तासाभराच्या आत.

ते आम्हाला गच्चीवर घेऊन गेले. खिशातून काय काढलं असेल? शाळेतला कोनमापक. त्याला दोरा आणि दोऱ्याला शिशाचा गोळा. कंपनीनं सिग्नल मोजायचं महागडं यंत्र दिलं होतं, ते गळ्यात नुसतं लोंबकळत होतं. दक्षिणेकडे, जवळजवळ डोक्यावरच, बोट दाखवून म्हणाले, "तो तिथें आहे. दिसत नाहीं, पण आहे. सगळे म्हणतात एका जागी उभा आहे. खोटं! धावतोय. पृथ्वी फिरते तिच्या बरोबरीनं धावतोय, म्हणून उभा दिसतो. थांबला की पडला." एवढं बोलून स्वतःच जिन्याकडे धावले. आम्ही चौघी बोट दाखवलेल्या दिशेला बघत उभ्या.

या माणसाची ऑफिसात दहशत होती ती दोन शब्दांची. ताटली बसवण्याआधी घर पाहून एक फॉर्म भरायचा असे. गच्ची, बाल्कनी, पुढची बाजू, मागची बाजू, आणि प्रत्येकापुढे उपग्रहाची वाट मोकळी आहे की नाही. मधे भिंत आली, नारळाचं झाड आलं, तर संपलं, चित्र येत नाही. इंग्रजीत त्याला लांबलचक नाव होतं. राव एवढंच लिहायचे, "आकाश आहे" किंवा "आकाश नाही". स्वतः जाऊन, त्या जागेवर उभं राहून, दोरा सोडून बघितल्याखेरीज त्यांनी हे कधी लिहिलं नाही. बसवणाऱ्या पोरांनी खाली रस्त्यावरूनच अंदाजे फॉर्म भरला तर ते ओळखायचे आणि फाडायचे. "तिथें उभा होतास कां? नाहीं? मग आकाशाबद्दल बोलू नको."

एकदा आमच्या मोठ्या साहेबांच्या मेहुण्याला बाल्कनीत ताटली हवी होती. समोर उंच इमारत. राव गेले, दोरा सोडला, लिहिलं, आकाश नाही. साहेबांनी केबिनमधे बोलावलं. बाहेर आम्ही कान देऊन. साहेब म्हणाले, "राव सार, काहीतरी करा." राव म्हणाले, "सेरी, बरं. त्या इमारतीचे दोन मजले काढायला सांगतों." साहेबांना हसावं की ओरडावं कळेना. मेहुण्यानं शेवटी केबल घेतली, आणि रावांची पगारवाढ त्या वर्षी राहिली असं सेल्वी म्हणायची. सेल्वी म्हणजे शेजारच्या तमिळ डेस्कवरची, माझी मैत्रीण. तिच्याकडे सगळ्यांच्या बातम्या असत.

आता माझा पराक्रम सांगते. मार्चचा महिना, दुपारी बाराची वेळ. एकाएकी माझ्या डेस्कवर फोनचा भडिमार. कराड, सांगली, कोल्हापूर, सगळीकडून एकच ओरड, चित्र फुटतंय, चित्र गेलं. मी कर्तबगार ना! फोन आला की बसवणाऱ्याची भेट नोंदव, फोन आला की नोंदव. बघता बघता साठेक घरांवर माणसं चढवायची व्यवस्था करून मी शाबासकीची वाट बघत बसले. राव आले, यादी पाहिली आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी खुर्चीतून उठलेच.

"काय केलंत हें? नीट बसलेल्या ताटल्या हलवायला माणसं पाठवलीत!"

"अहो, पण चित्र गेलंय ना!"

"दहा मिनिटांत येतं! भिंतीवर कागद लावलाय, वाचला कां?"

कागद लावला होता खरा. मी त्यावर माझी ओढणी अडकवत असे. कपाळ माझं! सगळ्या भेटी रद्द करता करता संध्याकाळ झाली. मग राव शांत झाले, म्हणजे येरझाऱ्या जरा कमी केल्या, आणि समजावून सांगितलं. वर्षातून दोनदा, मार्चमधे आणि पावसाळ्याच्या शेवटी, काही दिवस दुपारी सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो. सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. पाच-दहा मिनिटं. मार्चमधे आधी महाराष्ट्रात, दोन दिवसांनी आपल्याकडे. चेन्नईत साधारण बारा वाजून पाच मिनिटांनी. त्यात बिघाड कसलाच नाही.

"उलट तो शुभ मुहूर्त," ते म्हणाले. "त्या मिनिटाला सूर्य आणि वरचा एका रेषेत असतात. मग यंत्र कशाला? जिथें ऊन पडलं, तिथें आकाश आहे. सावली पडली, तिथें नाहीं. देवानं फॉर्म भरून ठेवलेला असतो."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं ते पुढे जे झालं त्यामुळे.

मराठी डेस्कवर एक फोन रोज यायचा. रोज म्हणजे रोज, दुपारी तीनच्या सुमाराला. म्हातारीचा आवाज, "बाई, तसवीर हालेना जाली." मी सगळं विचारायची. डब्यावर लाल दिवा आहे का? हिरवा आहे? मग चित्र दिसतंय का? "दिसतंय की." आवाज? "येतोय." मग तक्रार काय, आजी? तर म्हणायची, "तुम्ही जेवलांत कां?" पहिल्यांदा मी वैतागले. आमच्या फोनवर मिनिटं मोजली जायची, आणि ही बया मला वांग्याची भाजी कशी केली ते सांगतेय. मग हळूहळू मीच तीनची वाट बघायला लागले. दुपारची मराठी मालिका बघायची आणि मग मला फोन करून त्यातले शब्द पुसायची. "सासू म्हणाली 'डोक्यावर मिरे वाटतेस'. म्हणजे काय करते ती?" मी समजावायची, आणि ती एवढी हसायची की मलाही हसू आवरायचं नाही.

एके दिवशी विचारलं, "आजी, घरात कोण कोण असतं?"

"मी," ती म्हणाली. "गुडघे गेलेत, जिने उतरवत नाहीत, म्हणून तळमजला घेतला. मुलगी अमेरिकेत. आमचे हे घरी असत नाहींत. हे आणि टीव्ही, दोघांत टीव्ही जास्त बोलतो."

"काय करतात हे?"

"तुमच्याच कंपनीत आहेत की. लोकांना आकाश दाखवत फिरतात."

मी हेडफोन काढून बघितलं. समोर राव उभ्यानं दहीभात खात होते. मी त्यांच्याकडे बोट दाखवून सेल्वीला म्हटलं, "अगं, ही यांची बायको!" रावांचे कान तांबडे लाल झाले. डबा तसाच झाकून गच्चीवर निघून गेले. मला वाटलं हसतील. मग फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून आम्ही रावांच्या बायकोला कमळक्का म्हणायला लागलो. त्यांच्या दुपारी त्या टीव्हीवर चालतात हे मला कळलं होतं, आणि मी फोनवरची मिनिटं मोजायची सोडून दिली. एकदा मी त्यांना उपग्रह धावतो म्हणून उभा दिसतो ती गोष्ट सांगितली. त्यांनी ती अर्थातच हजारदा ऐकली होती. म्हणाल्या, "तो पृथ्वीच्या बरोबरीनं धावतो. हे कोणाच्या बरोबरीनं धावतात, तें एकदा पुसा."

पुसायचं धाडस मला झालं नाही.

रावांचं घर वेस्ट मांबलमला. दक्षिणेकडच्या बाजूला जुना बैठा बंगला होता, तो पाडला आणि फ्लॅट चढायला लागले. पहिला मजला, दुसरा मजला. कमळक्का फोनवर रोज सांगायच्या, "आज अजून एक ओळ विटांची." चौथा मजला भरला त्या आठवड्यात त्यांचा फोन आला आणि या वेळी तक्रार खरी होती. "बाई, तसवीर गेली." लाल दिवा आहे, हिरवा आहे, चित्र नाही. पुढच्या व्हरांड्यातली ताटली समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती.

राव नेहमीच्याच तडफेनं घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे फॉर्म आला. त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच पत्त्याचा. बाल्कनी, आकाश नाही. पुढची बाजू, आकाश नाही. मागची बाजू, आकाश नाही. गच्ची मालकाची, तिथे मोबाइलचा मनोरा आणि दाराला कुलूप. करारात लिहिलेलं की दुसरं काही बसवायचं नाही. केबल घ्यावी तर तिच्यावर मराठी काही येत नसे. मी म्हटलं, "राव, तुमच्या घराला तरी काहीतरी करा!" ते म्हणाले, "साहेबांच्या मेहुण्याला जें सांगितलं तेंच." आवाज मात्र नेहमीचा नव्हता. मग मला म्हणाले, "तिला तुमच्या इथें फोन करू द्या, बाई. बंद करू नका." असं त्यांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं असेल असं मला वाटत नाही.

टीव्ही गेल्यावर कमळक्कांच्या फोनचा सूर बदलला. मालिका नाही, मग पुसायला शब्द नाहीत. "जेवलांत कां" एवढं विचारून गप्प व्हायच्या. लांबून कुठेतरी सिमेंट कालवायचा आवाज यायचा. मला फोन ठेववत नसे.

आणि मार्च आला. सूर्य मागे यायचे दिवस. पहिल्या दुपारी राव साडेअकराला ऑफिसातून गायब झाले, दुसऱ्या दुपारीही. सेल्वीनं बातमी आणली की राव सार मांबलमच्या गल्लीत हातात खडू घेऊन पळतायत. लोकांच्या गच्च्यांवर चढतात, कठड्यावर, पाण्याच्या टाकीवर, बरोबर बारा वाजून पाच मिनिटांनी ऊन पडलेल्या जागेवर खडूनं गोल काढतात आणि मग त्या घराची बेल वाजवून विचारतात, इथें माझी ताटली लावू द्याल कां. कोणी हो म्हणेना. वायर रस्त्यावरून न्यावी लागली असती, आणि शेजाऱ्याच्या छतावर परक्याचं लोखंड कोणाला हवंय? एका बाईंनी तर खडूचा गोल पुसून घेतला, जादूटोणा समजून.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला बरोबर नेलं. घरच्या डब्यावर चित्र नव्हतंच, मग नेमकं मिनिट कळणार कसं? म्हणून मी त्यांच्या अंगणात मोबाइल कानाला लावून उभी, आणि ऑफिसात सेल्वी टीव्हीसमोर. तिकडे चित्र फुटलं की ती ओरडणार, मी ओरडणार, आणि राव खडू मारणार. मी पहिल्यांदाच ते घर पाहत होते. व्हरांड्यात गार सावली, ताटलीवर सिमेंटची धूळ. राव कुंपणाच्या भिंतीवर चढले होते, सत्तरीला आलेला माणूस, धोतराचा काचा मारून. मी खालून म्हटलं, "अहो उतरा! पडाल!" ऐकतील तर शपथ.

"गेलं!" सेल्वी फोनमधून ओरडली.

"गेलं!" मी ओरडले.

राव भिंतीवरून इकडे बघतात, तिकडे बघतात. सगळीकडे सावली. भिंतीवर सावली, पायरीवर सावली, तुळशीवर सावली. खडू हातातच राहिला. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा हरलेला माणूस पाहिला आणि मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात घराच्या मागून हाक आली. "अहो, इकडे या."

मागे म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराबाहेरची चिंचोळी जागा. धुण्याचा दगड, एक नळ. राव भिंतीवरून उतरून आत गेले, मी मागोमाग. कमळक्का पाटावर बसल्या होत्या, गुडघे हातानं धरून. त्यांच्यापुढे जमिनीवर जुनं धोतर अंथरलेलं आणि त्यावर वडाम घातलेले, म्हणजे आपल्या कुरडयांसारखंच तांदळाचं वाळवण. नव्या इमारतीचा जिना आणि तिची टाकी यांच्या मधल्या फटीतून धोतराएवढं ऊन खाली आलं होतं. त्या उन्हात वडाम लख्ख पांढरे दिसत होते.

राव तिथेच थबकले. मग मला एकदम तो फॉर्म आठवला. मागची बाजू, आकाश नाही. या माणसानं जन्मात एकच फॉर्म जागेवर न जाता भरला होता, आणि तो स्वतःच्या स्वयंपाकघरामागचा.

"विटा चढायला लागल्या तसं ऊन सरकलं," कमळक्का म्हणाल्या. "मी रोज धोतर सरकवलं. आता या वेळेला इथेंच येतं."

"तुला ठाऊक होतं?" राव पुटपुटले.

"मला ठावें होतं. तुम्हीं पुसलंत कधीं?"

त्या रागावून बोलल्या नाहीत. म्हणूनच ते लागलं. रावांनी खाली वाकून धोतराच्या कडेनं खडूचा गोल काढला. गोल वाकडा आला. मग खिशातून फॉर्मची घडी काढली, "नाही" वर काट मारली आणि वर "आहे" लिहिलं, आणि तो कागद हातात धरून कितीतरी वेळ उभे राहिले. सेल्वी फोनवर विचारत होती, "काय झालं, काय झालं?" मी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्या जागी आखूड खांबावर ताटली लागली. तिची सावली वडामांवर पडते म्हणून कमळक्कांनी ती दोनदा हलवायला लावली, आणि रावांनी मुकाट्यानं हलवली. चित्र आलं.

त्यानंतर मराठी डेस्कवर कमळक्कांचा फोन आला नाही. तीन वाजले की मी फोनकडे बघायची. खोटं कशाला बोलू, मला थोडा रागच आला. राव दुपारी घरी जेवायला जाऊ लागले होते. ऑफिसात खुर्चीवर छत्री तेवढी दिसायची.

त्याच वर्षी नवऱ्याची बदली पुण्याला झाली. सामान बांधून झाल्यावर मी निरोप घ्यायला मांबलमला गेले. बाजूची गल्ली मागच्या दारापर्यंत जात होती, म्हणून तिकडूनच गेले. आत टीव्हीवर मराठी सासू कोणाला तरी फैलावर घेत होती, आणि कमळक्का मोठ्यानं हसून म्हणाल्या, "ऐकलांत कां?" बाहेर धुण्याच्या दगडावर सुंदरराव बसले होते. मांडी घालून. हातात काठी, समोर वडाम, आणि कुंपणावर एक कावळा.

"ऐकलं," ते म्हणाले.

मी फाटकाशी पेढ्यांचा पुडा घेऊन उभी राहिले. दोन पावलं पुढे टाकून हाक मारायची तेवढीच राहिली होती. पण हाक मारली असती तर ते उठले असते. मी पुडा कठड्यावर ठेवला आणि तशीच मागे वळले.